उजेडाकडची बाजू

नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून दर रविवारी मी त्याची खुर्ची खिडकीशी तिरकी लावायची. एटोबिकोच्या त्या केअर होमच्या खोलीला खिडकी एकच. चेहऱ्याची उजवी बाजू उजेडात यायची, ओघळलेली डावी अंधारात राहायची. मग नाशिकला सासूबाईंना व्हिडिओ कॉल.

"बोलत का नाही गं हा?"

"घसा बसलाय, आई."

"इतके दिवस? तिथले डॉक्टर काय भजनाला जातात?"

मी हसायची. तो हसायचा नाही.

या वयात त्यांना सोसणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. त्या सकाळी तो म्हणाला होता, हात जड वाटतोय. मला कामाला उशीर होत होता. मी म्हटलं, आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल कर, मग बघू. तो बर्फातच कोसळला. सासूबाई पहिलं काय विचारतील, ते मला ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी घरी जाववेना, म्हणून म्युझियममध्ये शिरले. जुने कागद जपायला एका खोलीत दिवे मंद ठेवले होते. तिथे बरोक काळातलं, लाल-काळ्या खडूनं काढलेलं एका म्हाताऱ्याचं चित्र होतं. उजेडाकडचा गाल म्हणजे जवळजवळ कोरा कागदच. सगळी मेहनत सावलीत. तिरक्या, दाट रेघा, जबड्यापाशी वळलेल्या, डोळ्याखाली बोटानं पुसून मऊ केलेल्या. त्या काळोखातला डोळाही दुसऱ्याइतकाच निगुतीनं काढलेला. चित्रकारानंही माणसाला माझ्यासारखंच खिडकीशी बसवलं असणार. पण तो अंधाऱ्या बाजूकडे बघत बसला होता. मी नवऱ्याचा डावा गाल पुसतानासुद्धा भिंतीकडे बघायची.

पुढच्या रविवारी खुर्ची सरळ केली.

सासूबाई फोनच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "कधी झालं?"

"डिसेंबरात."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

सांगितलं. ड्राइव्हवेचंही सांगितलं.

"फोन त्याच्यासमोर टेकवून ठेव," त्या म्हणाल्या, "आणि तू बाहेर जा."

मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता. मग त्याचा आला, जड, अडखळणारा. माझ्यासमोर त्यानं तेवढाही आवाज काढला नव्हता.

हल्ली रविवारी मी फोन लावून देते आणि बाहेर जाऊन बसते.