पाटावरचा तोफगोळा

आमच्या घरात इतिहासाचा एकच पुरावा होता आणि तो आई लोणच्याच्या बरणीवर ठेवायची.

दगडी तोफगोळा! पणजोबांना मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला. (असं ते सांगत. पणजोबांना खोटं कोण पाडणार?)

एका वर्षी शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी इतिहासाचा मास्तर. हेडमास्तरांची जागा रिकामी होती, आणि प्रदर्शन बघायला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते! त्यांच्या मनात भरलो की खुर्ची माझीच. मी गोळा उचलला.

"मेल्या, दाब काढलंस तर लोणच्याक बुरशी येयत!" आई ओरडली.

"आई, हो इतिहास आसा!"

"मगे इतिहासाक लोणचा लागला हा, तां आधी धू!"

धुतला. पाटावर लाल कापड, त्यावर गोळा, शेजारी उद्घाटनाची समई. अशी मांडणी जिल्ह्यात कुणाला जमली नसती!

साहेबांच्या आधी आमची आत्या आली. गोळा बघताच तिने चपला काढल्या.

"देवाक साधा फूलय नाय? लाज नाय वाटणा?"

"आत्ये, तो तोफेचो गोळो!"

"गप रव! पाटार बसयलंस, समई लावलंस, आणि माका शिकयतंस?"

तिने जास्वंद वाहिली. मागच्या बायकांनी हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी नारळ फोडला. तलवारी, नाणी, जुने दिवे, सगळं ओस आणि गोळ्यापुढे ही रांग! मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात साहेब दारात, आणि इकडे आत्याने हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! माझ्या भाच्याक हेडमास्तर कर. जो कोण आडवो येयत, तेका हयसून लांब धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा हॉल गरजला.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब घाटावरचे, शुद्ध शाकाहारी, आमच्याकडे येऊन वाळलेले. त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "देवा, माझी घाटावर बदली होऊ दे. इथे धड भाजी मिळत नाही."

"होय म्हाराजा!"

देव पावला! साहेब महिन्याभरात घाटावर गेले. नव्या साहेबांनी मात्र शाळेत देवस्थान काढणाऱ्या मास्तराला हेडमास्तर करायला साफ नकार दिला.

गोळा आता पिंपळाखाली असतो. त्याची जत्रा भरते, शाळेला सुट्टी मिळते. लोणच्याच्या बरणीवर आई माझी इतिहासाची पुस्तकं बांधून ठेवते.

"इतक्या वर्सांनी," ती म्हणते, "तुझ्या शिक्षणाचो काय तरी उपेग झालो!"