हिरवळीवरची पावलं

साहेब निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना साहेबच म्हणत. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानादुकानांत तराजू उलटे करून, पारड्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी शोधून त्यांनी ती दुकानदाराच्या नाकासमोर धरली. चूक नेहमी समोरच्याची असते ही सवय तिथेच अंगात मुरली, आणि पेन्शनबरोबर तीही घरी आली.

घरापुढे छोटीशी हिरवळ होती आणि तिच्यात लव्हाळ्याचं तण माजलं होतं. ते काढायला आठवड्यातून दोनदा मावशी यायच्या. आदल्या संध्याकाळी पाणी पाजून ठेवायला सांगायच्या आणि सकाळी ओल्या मातीत खुरप्याचं टोक घालून लव्हाळ्याची काळी गाठ अख्खी बाहेर काढायच्या. नुसतं पातं उपटलं तर गाठ खाली आरामात बसून राहते, असं त्यांचं म्हणणं. काम चोख, पण गोगलगायीच्या चालीचं. चार हात जागा साफ व्हायला अख्खी सकाळ जायची. इकडे पुढच्या महिन्यात मुलीच्या सासरची माणसं यायची होती, आणि साहेबांचा जीव खालीवर होत होता.

मग एका दुपारी बायको बाहेर गेलेली पाहून साहेबांनी तणनाशकाची बाटली आणली. जन्मभर दुसऱ्यांना लेबल वाचायला लावणाऱ्या या माणसाने स्वतः लेबल काही वाचलं नाही. तण मारतं म्हणजे तणच मारणार, असा त्यांचा सरळ हिशोब. रबरी बूट चढवून त्यांनी लव्हाळ्याच्या पुंजक्यांवर पंप मारला, मग हिरवळीवरून चालत नळापाशी गेले, पंप विसळून माळ्यावर टाकला. मावशींच्या चेंगटपणावर मात केल्याच्या आनंदात ते कुणाला काही बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी लव्हाळा पिवळा पडला, आणि त्याच्या भोवतीची हिरवळीची हरळीही पिवळी पडली. थाळीएवढे सात-आठ डाग. मनाच्या एका कोपऱ्यात साहेबांना तेव्हाच कळलं होतं, पण त्या कोपऱ्याकडे त्यांनी पाठ फिरवली. मावशी फरशीच्या फटींतलं गवत उकळत्या पाण्याने मारायच्या, ते त्यांना नेमकं आठवलं.

"गरम पाणी कुठं ओतलंत?" त्यांनी फाटकातच विचारलं.

"फरशीवरच, साहेब. इकडे आणलं नाही."

"मग हे काय आपोआप झालं? उद्यापासून येऊ नका."

मावशींनी डागाशी वाकून माती चिमटीत घेतली, हुंगली, खुरपं पिशवीत टाकलं आणि त्या गेल्या. साहेब एवढ्यावर थांबते तरी बरं होतं. संध्याकाळी फिरताना त्यांनी मावशी काम करायच्या त्या शेजारच्या तिन्ही घरी सांगितलं, बाई निष्काळजी आहे, सांभाळा. तिन्ही घरांनी मावशींचं काम दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

चार दिवसांनी बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिथूनच तिने हाक मारली, "अहो, जरा वर या."

वरून सगळं लख्ख दिसत होतं. डागांपासून निघून नळापर्यंत, नळापासून पायरीपर्यंत, गवतात पिवळी पावलं उमटली होती. बुटाला लागलेलं औषध सावकाश चढलं होतं. उजवं पाऊल प्रत्येक ठिकाणी बाहेर वळलेलं होतं. जुन्या फ्रॅक्चरनंतर साहेबांचं पाऊल तसंच पडायचं.

 बायकोने उरलेले कपडे वाळत घातले. ती बोलली असती तर साहेबांना भांडता तरी आलं असतं. त्यांच्या कानशिलांतून धग निघत होती. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ चेहरे असे लाल होताना पाहिले होते, आणि मजेत पाहिले होते.

आधी ते खुरपं घेऊन पावलं खणून टाकायला बसले. दोन पावलं उकरून झाली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. तिथेच बसल्या बसल्या आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

मावशी दोन गल्ल्या सोडून राहायच्या. दारात साहेबांना पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. साहेब बसले नाहीत.

"औषध मी मारलं होतं," ते म्हणाले. "चूक माझी. तुम्ही परत या."

"ठाऊक आहे. मातीला वास होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं होतं का मला, साहेब? तुम्ही तर सांगत होता."

साहेब आता खुर्चीत बसले. मावशी म्हणाल्या, "गवत येईल पुन्हा, हरळी चिवट असते. मीही येईन. पण आधी त्या तीन घरी जाऊन या."

माफी मागायला एकच घर असतं, असं साहेब समजून आले होते. ते परत आपल्या गल्लीत शिरले तेव्हा लोक कामावरून घरी येत होते. पहिल्या फाटकापाशी दोनदा पुढे जाऊन ते मागे वळले. तिसऱ्यांदा त्यांनी घंटी दाबली.

"या या साहेब! आज कुणाला पकडलंत?" शेजारी हसत दार उघडत म्हणाला.

"मावशींबद्दल मी सांगितलं ते खोटं होतं," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की शेजाऱ्याने "काय?" म्हणून विचारलं, आणि त्यांना तेच पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

अजून दोन घरं होती.