संदर्भसूचीतल्या पाच सवाष्णी

हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढं निघालं नाही. तुमच्यापुढं का निघतंय — कुणास ठाऊक. आत्या गेल्यापासून घरात मी एकटाच. सांगायला जवळचं असं उरलंय तरी कोण?

मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. पोरं सायबर कॅफेतून पानंच्या पानं छापून आणतात अन् प्रकल्प म्हणून पुढं ठेवतात. मी लई डाफरतो. कुणाकडनं घेतलं? त्याचं नाव कुठाय? पोरं माना खाली घालतात. माझ्यावर कोण डाफरणार होतं? — पण थांबा, आधी आत्याचं सांगू द्या.

आत्या शिनोलीची. ऐन तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. मला तिनंच वाढवलं. आमच्याकडं लग्नाआधी सवाष्णी मांडवात जात्यावर हळद दळतात, गाणी म्हणतात. विधवेला तिथं मज्जाव. आणि गाणी सगळी यायची ती आत्यालाच! बायका अडल्या की चुलीपाशी बसलेली आत्या आतनं पुढची ओळ सोडायची. बायका ती उचलायच्या. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही.

नव्वदच्या दशकात एम.ए.ला मी याच गाण्यांवर प्रबंधिका लिहिली. एकूण एक गाणं आत्यानं सांगितलं — भाकरी थापता थापता, माझी कॅसेट संपली तरी. मार्गदर्शक सरांची अट एकच : ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचं नाव शेवटी संदर्भसूचीत घाला. साधी गोष्ट ना? पण मी पडलो दीडशहाणा. हळदीची गाणी, आणि विधवेकडून? वाचणारा म्हणेल, हा कसला पुरावा! — मी आत्याचं नाव गाळलं. आळीतल्या पाच सवाष्णींची नावं घातली. त्या पानाची झेरॉक्सही त्यांना दिली. बाया हरखल्या.

प्रबंधिका बांधून घरी आणली, तेव्हा आत्यानं हात पदराला पुसले. "कुठं रं माजं नाव?" तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरलं अन् पहिल्या नावावर टेकवलं.

"लई बारीक हाय," ती म्हणाली. मग तेच बोट तिनं कपाळाला लावलं.

तेव्हाच खरं सांगता आलं नसतं? आलं असतं.

पुढच्याच उन्हाळ्यात आळीत लग्न निघालं. हळद दळायला बायका बसल्या, आणि आत्या चुलीपासनं उठून मांडवात आली — विधवा झाल्यापासून पहिल्यांदा. "मीबी बसते गं. माजं नाव हाय पुस्तकात."

पारूबाई हसली. सूचीतलं पहिलं नाव तिचंच. "येडी का काय तू आक्का? नावं आमची हायेत. पोरीनं वाचून दावलीत मला."

आत्या माझ्याकडं वळली. मी खांबाला तोरण बांधत होतो. "सांग की रं ह्यांला."

मी सुतळीची गाठ मारत राहिलो. मारलेली गाठ सोडली, पुन्हा मारली.

ती आत गेली. जातं फिरलं, गाणं सुरू झालं अन् नेहमीच्या जागी अडलं. बायका दाराकडं बघत राहिल्या. आतनं आवाज आला नाही.

पुढची ओळ मला पाठ होती. मी सुतळीला आणखी एक गाठ मारली.