दोन ब्लेडच्या मॅडम

हॉस्पिटलात त्यांना नावाने ओळखणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. सगळे त्यांना 'दोन ब्लेडच्या मॅडम' म्हणतात, तेही तोंडावर. मॅडम चिडत नाहीत. चिडायला तोंडच नाही, कारण हे नाव त्यांनी स्वतःच्या चुकीतून कमावलंय. आणि दरवर्षी नवे डॉक्टर आले की त्या चुकीची हकिगत सगळ्यात आधी त्याच सांगतात.

मॅडम शिंप्याची लेक. पुढच्या खोलीत वडिलांचं मशीन, मागच्या खोलीत सगळा संसार. वडिलांचा हात सफाईचा आणि जीभ तिखट. त्यांचा एक हट्ट होता. कपडा शिवून झाला तरी त्याचं कातरण टाकायचं नाही. गिऱ्हाईक तो कपडा अंगात घालून दुकानात येणार, हात वर करणार, खाली वाकणार, मगच त्याच्या नावाची पुरचुंडी केरात जाणार. आई वैतागायची. "माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि चिंध्यांचा थाट बघा!"

"उद्या काखेत उसवलं तर तुझ्या खिडकीचा पडदा लावू का?" वडील विचारायचे.

लेक डॉक्टर झाली, सर्जन झाली, आणि अन्ननलिकेपासून आतड्याच्या शेवटापर्यंत जिथे म्हणून कॅन्सर होतो, तिथली ऑपरेशनं करू लागली. शिकत असताना तिने शेजारशेजारच्या खाटांवर दोन माणसं पाहिली. गाठ सारखीच, कापणारा हात एकच. त्यातला एक दोन वर्षांनी नातीला कडेवर घेऊन तपासणीला आला. दुसरा आठ महिन्यांत गेला. असं का, हे तिने वरिष्ठांना विचारलं, तर ते म्हणाले, "नशीब," आणि हात धुवायला वळले. हे उत्तर तिला काही केल्या पचेना.

म्हणून मग जिन्याखालची एक खोली मागून घेतली. एक फ्रीज, एक मायक्रोस्कोप आणि एक डगमगतं टेबल. सकाळी ऑपरेशन, दुपारी संशोधन. थोरल्या बहिणीने तर घरात जाहीरच केलं, "आमच्या हिचं एकदा कापून भागत नाही. सकाळी कापलेलंच दुपारी पुन्हा कापते." पण सोळा वर्षांच्या या उद्योगातून ऑपरेशननंतर कुणाला पुढचं जालीम औषध द्यायलाच हवं आणि कुणाची त्यातून सुटका करता येईल, हे बरंचसं आधी कळू लागलं. नशीब या शब्दाचा एक कोपरा तरी मॅडमनी कुरतडला होता.

या कामासाठी पेशंटची परवानगी घेऊन, काढलेल्या आतड्याचे दोन बारीक तुकडे त्या स्वतः घ्यायच्या. एक गाठीचा, एक टोकाजवळच्या निरोगी भागाचा. बाकीचं आतडं त्यांच्या वर्गमित्राकडे जायचं. ते पॅथॉलॉजिस्ट, पण सगळे त्यांना 'भिंगवाले' म्हणत. कॅन्सर कुठवर पोचलाय, हे भिंगवाले सांगणार.

वडिलांचा हट्टही मॅडमनी सोडला नव्हता. आतड्याची टोकं जोडणारं मशीन चालवलं की दोन्ही टोकांची अंगठीएवढी एकेक कडी कापली जाऊन मशीनच्या आत राहते. पुष्कळ ठिकाणी ती टाकून देतात. मॅडम बाटलीत घालून, वर नाव लिहून, फळीवर ठेवत. ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर त्या फळीला 'मॅडमचं कातरण' म्हणत.

तर एके दिवशी पोहण्याच्या बाई आल्या. मॅडम नऊ वर्षांच्या असताना त्यांना हनुवटीखाली हात धरून तरंगायला शिकवलं ते या बाईंनी. आता बासष्ट वर्षांच्या, अजूनही रोज सकाळी तलावावर तीस पोरांवर ओरडणाऱ्या. गाठ आतड्याच्या अगदी खालच्या भागात होती.

"मला मरणाची भीती नाही," बाई म्हणाल्या, "पण ती शौचासाठी पोटावर लावतात ती पिशवी नको. पोरांसमोर मी पाण्यात कशी उतरू?"

"पिशवी लावूनही पोहता येतं, बाई."

"येत असेल. मला नको."

मॅडम कुणालाच वचन देत नसत. पण हनुवटीखालचा तो हात आठवला आणि जीभ घसरली. "नाही लागणार पिशवी," त्या बोलून गेल्या.

ऑपरेशन झकास झालं. टोकं जुळली, बाई तिसऱ्या दिवशी वॉर्डात फिरून शेजारणींना श्वास कसा घ्यावा ते शिकवू लागल्या. पाचव्या दिवशी भिंगवाल्यांनी मॅडमना बोलावून मायक्रोस्कोप पुढे केला. काढलेल्या आतड्याच्या खालच्या कडेवर कॅन्सरच्या पेशी होत्या. म्हणजे काही पोटात राहिलं असणार. पुन्हा पोट उघडायचं, उरलेला भाग काढायचा, आणि त्याखाली जोडायला जागाच नव्हती. म्हणजे पिशवी. कायमची.

मॅडम वॉर्डात गेल्या. "बाई, रिपोर्ट थोडा अडलाय. दोन दिवस द्या मला."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लहानपणीही पाण्याला घाबरलीस की अशीच काठावर उभी राहून बुटाचा बंद सोडत बसायचीस," त्या म्हणाल्या.

जिन्याखालच्या खोलीत बसून त्या पहिल्या टाक्यापासून सगळं आठवू लागल्या. गाठीपासून पुरेसं अंतर सोडलं होतं, मोजलंही होतं. मग पेशी कडेवर आल्या कुठून? आठवत आठवत त्या तुकडे घेण्यापाशी आल्या आणि थबकल्या. एरवी त्या निरोगी तुकडा आधी घेत, गाठीचा मागून. त्या दिवशी पुढचं ऑपरेशन खोळंबलं होतं. घाईत आधी गाठीत ब्लेड घातलं, आणि तेच ब्लेड, न पुसता, निरोगी टोकावर.

त्या धावतच भिंगवाल्यांकडे गेल्या.

"म्हणजे त्या पेशी तूच तिथे नेऊन ठेवल्यास?" भिंगवाल्यांनी डोळे मोठे केले.

"तसं असू दे," मॅडम म्हणाल्या. "देवा, तसंच असू दे."

आयुष्यभर चुका टाळण्यासाठी जिवाचं रान केलेल्या मॅडम आज चूक आपलीच निघावी म्हणून हात जोडत होत्या.

पण खात्री कशी करायची? बाटलीतली खालची कडी! ती कापलेल्या कडेच्याही पलीकडची. ती स्वच्छ निघाली, तर पोटातही काही राहिलेलं नाही. मॅडम थिएटरच्या फळीपाशी पोचल्या. फळी लख्ख पुसलेली, रिकामी.

"तपासणीला साहेब आले होते," मोठ्या सिस्टर मागून म्हणाल्या. "कसला पसारा, फेका म्हणाले."

"फेकलंत?"

"मॅडम, बारा वर्षं तुमच्याबरोबर काढली मी. हातमोज्यांच्या खोक्यांमागे आहे सगळं."

मॅडमनी त्यांना मिठीच मारली. मोठ्या सिस्टर अवघडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगवाल्यांनी कडीची एकूण एक स्लाइड पाहिली. मग संशयाच्या कडेतून आणखी खोलवरचे काप घेतले. शेवटी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कडी स्वच्छ. आणि कडेवरचा तो पेशींचा ठिपका नुसता वर पडलेला, आत त्याचा मागमूस नाही. अभिनंदन, तू चुकलीस." मॅडम तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि हसता हसता रडल्या.

बाईंना त्यांनी काही लपवलं नाही. घाई, ब्लेड, भीती, सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"म्हणजे पिशवी नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि पोटात काही राहिलं नाही?"

"नाही, बाई."

बाईंनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग तीस पोरांवर ओरडतात त्या आवाजात ओरडल्या, "घाई करू नकोस, हे तुला किती वेळा सांगायचं गं?" अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. मॅडमनी मान खाली घातली. इतका सुखाचा ओरडा त्यांनी उभ्या जन्मात खाल्ला नव्हता.

पुढच्या सोमवारपासून ट्रेमध्ये दोन ब्लेडं आली. हिरव्या मुठीचं निरोगी भागाला, लाल मुठीचं गाठीला, आणि हिरवं आधी. मॅडमनी आपली चूक सगळ्या तपशिलासह लिहून छापलीही. ती वाचून दूरदूरच्या चार हॉस्पिटलांनी आपल्याकडेही तोच नियम केल्याचं कळवलं.

तीन महिन्यांनी मॅडम तलावावर गेल्या. बाई काठावर उभ्या होत्या, पोरं रांगेत. बाईंनी हात वर केले, खाली वाकल्या आणि सरळ सूर मारला. पलीकडच्या टोकाला डोकं वर आलं, तेव्हा कुठे मॅडमनी आपला रोखलेला श्वास सोडला.

तिथूनच त्यांनी मोठ्या सिस्टरना फोन लावला. "पोहण्याच्या बाईंची बाटली आहे ना, खोक्यांमागे?"

"आहे की. का हो?"

"आता टाका ती," मॅडम म्हणाल्या.