याद्या आधी लावायच्या होत्या

परवा बँकेत पासबुक छापणाऱ्या यंत्राच्या शाईच्या फितीचा वास आला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं भंडाऱ्यातलं ते सरकारी ऑफिस आठवलं. तिथे एसीच्या गारठ्यात नवाकोरा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणजे मी बसायचो. घरासाठी जागा मागणाऱ्यांची एक फाइल, भूमिहीनांची दुसरी. दोन्हींत नाव असलेल्यांनाच जागा मिळणार होती. ती नावं एका कमांडने निघायची, पण त्याआधी दोन्ही फाइली अक्षरक्रमाने लावाव्या लागत. साहेबांनी घाईपायी ते करू दिलं नाही आणि कितीतरी नावं गळाली. यादीवर सही झाल्यावर लाखांदूरहून एक विधवा बाई आली. "बाबू, दोन्ही कागदात माहं नाव हाये, मंग काहून नाही निंगालं?" साहेब हसले, "बाई, कॉम्प्युटर चुकत नसते." "मंग पोरीईले कुठं झोपवू, त्यालेच इचारू काय?" माझं डोकं तापलं. मी दोन्ही फाइली लावल्या, पुन्हा जुळवल्या आणि मिनिटभरात तिचं नाव कागदावर छापून आलं. साहेबांनी तो कागद चुरगाळला. "सही झाली आहे. तुले नोकरी कोणं देली, विसरला काय?" मी विसरलो नव्हतो, म्हणून मान खाली घातली. बाई एस.टी. सुटेल म्हणून निघून गेली. साहेबांचे उपकार मी आजही मानतो. पण वर दाद मागायला तोच कागद पुन्हा छापून तिच्या हातात द्यायचा, तर मला फक्त एक बटण दाबायचं होतं. ते मी दाबलं नाही, म्हणून मला अजून माझाच राग येतो.