ताईंचं कुलूप

ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणत. वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा. ताई एकावन्न वर्षांच्या, आणि त्यातली तेवीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीत घातलेली: रांग. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. नेटवर्कवर जाणारी माहितीची पॅकेटं रांगेत लावायची, कुणाला आधी सोडायचं, कुणाला थोपवायचं, हे बघणारा एक भाग त्यात असतो. तो भाग ताई सांभाळत. त्यांच्या नवऱ्याची ड्रायव्हिंग स्कूल होती. बायको काय करते असं कुणी विचारलं, तर ते सांगत, "ट्रॅफिक हवालदार आहे. फक्त शिट्टी नाही."

कंपनी नेटवर्कच्या पेट्या बनवायची. त्यातली एक रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रात होती, आणि ती महिन्यातून दोन-तीनदा गोठायची. चार मिनिटांनी आपली आपण पुन्हा सुरू व्हायची. तेवढ्या वेळात तिथल्या बायका पत्ते कागदावर लिहून घेत. अजून कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं, पण बेतायची वाट बघत बसायचं नसतं.

साहेबांचं निदान तयार होतं. "लंबूचं कार्ड. दुसरं काय असणार?"

लंबू म्हणजे पूर्वी कंपनीत असलेला एक उंच, अबोल माणूस. पेटीतलं नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. नऊ वर्षांपूर्वी चाचणीत पेटी अशीच गोठली आणि खापर त्याच्या प्रोग्रॅमवर फुटलं. "माझ्याकडून नाही," एवढंच तो म्हणाला. ते सिद्ध करता येईना. सहा महिन्यांत त्यानं राजीनामा दिला. कार्ड वेगवान म्हणून कंपनीनं ठेवून घेतलं, आणि तेव्हापासून पेटी शिंकली तरी लंबूचं नाव निघायचं.

ताईंनी तीन आठवडे लंबूचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. सापडलं काहीच नाही. साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही, असं म्हणून एका सकाळी त्या स्वतःच केंद्रात गेल्या.

सहा खुर्च्या, सहा फोन, भिंतीवर मोठा नकाशा. तिथल्या प्रमुख बाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

"पेटी बंद पडते तेव्हा काय चाललेलं असतं?"

"काय असणार? फोन घेत असतो."

ताईंची नजर कोपऱ्यातल्या स्क्रीनवर गेली. आकडे सरसर बदलत होते. "आणि हे?"

"तुमच्याच पेटीचं पान की! रांगेत किती आले, किती गेले. गेल्या वर्षापासून मी आल्या आल्या उघडून ठेवते. आकडे हलताना दिसले की बरं वाटतं." मग जरा चाचरत, "बंद करू का?"

"नको, नको. असू द्या."

ऑफिसात ते पान आता कुणीच उघडून ठेवत नसे. ताईंनी परत येऊन टेबलावरच्या पेटीवर ते उघडलं. कर्नलमध्ये कुलपं तपासणारी एक सोय असते. तिनं मशीन मंदावतं म्हणून गिऱ्हाइकांकडे ती बंद ठेवतात. तीही चालू केली. चाळीस सेकंदांत स्क्रीनवर तक्रार उमटली.

रांगेला एका वेळी एकानंच हात लावावा म्हणून तिला कोडमध्ये कुलूप असतं. आकडे वाचणारं काम ते लावून आत शिरे. नेमकं तेव्हाच, त्याच प्रोसेसरवर नव्या पॅकेटाची तातडीची हाक आली, की प्रोसेसर हातातलं काम तसंच टाकून तिकडे धावे. पॅकेटाला हवी तीच रांग, आणि तिला कुलूप. पॅकेट मार्गी लागल्याशिवाय टाकलेलं काम उरकणार नाही, आणि ते उरकल्याशिवाय कुलूप निघणार नाही. दोघं एकमेकांचं तोंड बघत बसत. कुलूप लावण्याआधी त्या हाका क्षणभर थोपवल्या असत्या, तर प्रश्नच नव्हता.

"कोणत्या शहाण्यानं लिहिलंय हे?" म्हणत ताईंनी त्या ओळीचा इतिहास उघडला.

नाव त्यांचंच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तारीख लंबूच्या चाचणीच्या दोन महिने आधीची. आणि चाचणीत कार्डाचा वेग मोजायला सगळे हेच पान उघडून बसले होते. दोष ठरला त्या बैठकीत ताई हजर होत्या. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. आता काय करणार, असं त्यांनी विचारल्यावर ताई म्हणाल्या, "दुरुस्ती दोन ओळींची आहे."

"दुरुस्तीचं नाही विचारलं मी," ते म्हणाले, आणि पोळी वाढून घेतली.

कर्नलचा कोड सगळ्यांसाठी खुला. दुरुस्तीचा पॅच ईमेलच्या टपाल-यादीवर पाठवायचा, जगभरचे लोक वाचतात. कोणत्या जुन्या बदलातून चूक आली, तेही लिहायचं असतं. साहेबांनी मसुदा वाचला.

"ताई, ही ओळ गाळा ना. गिऱ्हाईकं वाचतात."

"जुन्या आवृत्त्यांपैकी कुणाकुणाला औषध द्यायचं, ते त्या ओळीवरून ठरतं. केंद्रातली पेटी जुन्याच आवृत्तीवर चालते; ओळ गाळली तर ती तशीच राहील."

ओळ राहिली.

मग ताईंनी लंबूचा नंबर शोधला. तो आता एका तंत्रशाळेत शिकवत होता.

"ती चूक रांगेतली होती. माझी."

"माझी नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं, ताई."

"मी त्या बैठकीत गप्प बसले."

"तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

"बघायला हवं होतं. बघितलं नाही."

तो म्हणाला, "पॅच पाठवा."

त्याच्याकडे तेव्हाचं एक कार्ड अजूनही होतं. तेराव्या दिवशी यादीवर त्याचं पत्र आलं: "पान उघडं ठेवून बारा दिवस चालवलं. गोठलं नाही." रिवाजाप्रमाणे ताईंनी तपासणारा म्हणून त्याचं नाव पॅचखाली घातलं. कर्नलवर देखरेख करणाऱ्यानं एक शेरा नीट लिहायला लावला, दुसऱ्या खेपेला पॅच स्वीकारला. केंद्रातली पेटी त्यानंतर गोठली नाही.

लंबूला परत ये असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी तो आला नसता, असं ताईंना वाटतं. वर्षातून त्याचं एखादं पत्र येतं. त्यात फक्त कामाचं असतं. ताई त्याच दिवशी उत्तर लिहितात.