पंचफुलाबाईचा सडा

वालूरच्या शिवारातलं जुन्या वस्तीचं, पांढरीचं टेकाड उकरायला पंचफुला महिनाभर जात होती. कुणाचं तरी दोन हजार वर्षांमागचं घर ती कुंच्यानं असं अलगद झाडायची, की सोबत खोदणारा आश्रुबा म्हणायचा, "वैनी, माती झाडायलाव का लेकराला न्हाऊ घालायलाव?"

पण खोदायला मिळालेली मुदत संपली होती. उद्या शेतमालक भगवानरावांच्या गाड्या घरांच्या धाब्यांवर टाकायला ही माती भरून नेणार. घराचा वरून फोटो निघाला तर आजच. विमान कुठलं परवडायला! खोदकामाच्या सायबानं आश्रुबाकडून पुरुषभर उंच पतंग बांधून घेतला, खाली कॅमेरा टांगला. बटण दाबायला ताणलेलं रबर, ते अडवायला दोरा, दोऱ्याला उदबत्ती. उदबत्तीनं दोरा जळाला की फोटो. एका खेपेला एकच.

"एकही पाऊल उमटता कामा नये," सायबानं बजावलं.

पंचफुलानं मागं मागं सरत घर झाडलं. झाडून झालं आणि हात आपसूक घागरीत गेला. झाडलेली जागा कोरडी ठेवावी, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. सायब वळला तोवर सडा पडला होता.

"अहो बाई, काय केलंत हे! फोटोत नुसता चिखल येईल!"

त्यात वाराही पडला. पतंग उठेना. ऊन कलायला लागलं. आपल्या एका घागरीपायी कुणाचं अख्खं घर पुसलं जाणार, म्हणून ती जमिनीवरची नजर काढीना.

माती वाळत चालली, कच्च्या विटा मात्र ओल धरून बसल्या. सकाळी मातीत मिसळून गेलेल्या भिंती आता काळ्याभोर रेघांनी उठल्या.

"सायब, हिकडं बघा की!"

सायबानं बघितलं आणि बोलायच्या आधी उदबत्तीसाठी काडी ओढली. "वारा आला. आश्रुबा, उचल!"

पतंग चढला. सुतळीनं आश्रुबाचं बोट कापलं. उदबत्ती जळायली, पतंग डोलायला.

"ढील द्या, भावजी!"

ढील दिली, आणि पतंग गिरक्या घेत जवारीच्या धसकटात पडला. दोरा जळालेला होता. वर जळाला का खाली पडल्यावर, कोण सांगणार?

महिन्यानं सायब फोटो घेऊन आला. टेकाड तोवर गेलं होतं. फोटोत तीन खोल्या, काळ्या रेघांच्या, आखल्यासारख्या.

पंचफुलानं तो फिरवून फिरवून बघितला. "दार उगवतीला ठिवलंय," ती म्हणाली. "शानी व्हती बया."